सशाचं घमेलं अन् बुढ्याचा नाला

सशाच्या गोष्टी सशाच्या लेंड्याईवानी रायते. सकाळी झाडून फेकल्या, का दुपारी तितक्याच तिथी पडून! पानठेल्यावर बसलो का कोनी ना कोनी म्हनतेच, "हिरामन, तो सशाचा सांग ना बे." मी म्हनतो, कोनता? लय हाये. अन् एक सांगाले बसलो का त्याच्या मांगून दुसरा निंगते. पह्यले पह्यले हासाचे हाये. मंग हासू येत नाई. ज्याले फक्त हासाचं हाये त्यानं अर्ध्यातून उठून जावं. मांगून मले तोंड पाडून दाखवू नका, माहा दिमाग खराब होते.

आमचं गाव नागभीडच्या तिकडं. धानाच्या बांध्या, बांध्या सरल्या का नाला, नाल्याच्या पल्याड लागलंच जंगल. घरात तिघं. मी, माही बायको सिंधू, अन् माहा बुढा. बुढा म्हनजे बाप. नाव दसरू.

*

बचत गटाच्या पाच बायाईले एका संस्थेनं सशे वाटले. पांढरे फेक, लाल डोये. एक एक जोडी अन् एक एक जाळीचा पिंजरा. म्हने वाढवा, मांसासाठी गाडी येईन, घेऊन जाईन. गाडी आजवर आली नाई. आपनच खाऊन टाकावं, तं सिंधूनं दुसऱ्याच दिवशी नावं ठेवली. नर ढोल्या, मादी चिंगी. नाव ठेवलेलं जनावर खाता येते का? नाई खाता येत.

सशे वाटले तवा विहारात मिटिंग झाली. संस्थेची मॅडम होती, शिकलेली पोरगी, नागभीडच्या गाडीनं ये. ती सांगे, "ससा हा अतिशय स्वच्छ प्राणी आहे. तो घरात एकच कोपरा धरतो आणि रोज तिथेच जातो. त्याला फक्त तो कोपरा दाखवून द्यायचा."

मांगून माहा बुढा उभा झाला. "मॅडम, आमचाही कोपरा एकच हाये! नाल्याकाठी, करंजीच्या बुडाशी. चाळीस वर्सं झाले, एक दिवस चुकलो नाई!"

अख्खा विहार हासला. मॅडमही हासली. मी तं सगळ्यात जास्त हासलो, दात काढून.

*

पंधरा दिवस झाले नसतीन, कवडूभाऊच्या घरी बिबट आला. कवडूभाऊ आमचा शेजारी, भिंतीले भिंत. पिंजरा आंगनात होता. सकाळी पाह्यलं तं जाळी कागदावानी फाटलेली अन् आत दोन पाय. मांगचे. बाकी काईच नाई. एक ससा मात्र चुलीमांगं घुसून वाचला.

मॅडम म्हने, "ससे घरात ठेवा. पक्क्या जागी."

पक्की जागा कुठी हाये आमच्याजोळ? घर मातीचं, दार पत्र्याचं. साऱ्या घरात सिमिटाच्या भिंती अन् लोखंडी दार एकाच जागी होतं. संडास. सरकारी. दारावर लाल रंगानं बुढ्याचं नाव लिहेल होतं, 'लाभार्थी - दसरूजी'. बांधला तवा दारासमोर उभं करून बुढ्याचा फोटोही काढला होता. फोटोत तोंड असं, का जसा कोनी चोर पकडून आनला! फोटो झाला, अन् बुढा टमरेल घेऊन नाल्याकडं निंगून गेला. तवापासून संडासात आमचं सरपन.

मी सरपन काढलं, शीटवर फळी टाकली, वरून धानाची तनस हातरली, अन् ढोल्या-चिंगीले आत सोडलं. बुढा खाटेवर बसून पाहून राह्यला होता. दाराकडं बोट दाखवून म्हने, "नाव माहं, फोटो माहा, अन् राहाले गेला ससा!"

*

आता त्याईले शिकवाचं काम. दिवसा ते घरात फिरत. चुलीजोळ लेंड्या, खाटेखाल्ती लेंड्या, धानाच्या पोत्यावर मूत. माहा सभाव सगळ्याईले मालूम हाये. मी ओरडलो, खराटा घेऊन धावलो. जितका ओरडलो तितका ढोल्या घाबरून जागोजागी मुते. एक दिवस त्याले कानाले धरून उचललं, तं सिंधूनं माह्या हातावर पळी मारली. भाजीची, गरम.

मंग तिनं तिच्या हातानं घेतलं. घरचं जुनं घमेलं घेतलं, बूड गंजलं होतं ते. त्यात तनस टाकली. ढोल्यानं जिथी जिथी घान केली तिथून लेंड्या उचलून त्याच घमेल्यात टाके. मुतानं ओली झालेली तनसही त्यातच. म्हने, "त्याले त्याचा वास लागला पाह्यजे. त्याले वाटलं पाह्यजे, ही आपली जागा हाये." घमेलं संडासाच्या कोपऱ्यात ठेवलं अन् वरत सुतळीनं हिरव्या गवताची जुडी टांगली. सशाले खाता खाताच हागाची सवय रायते. तोंड वरत चालू, बूड खाल्ती चालू. बाहेर कुठी शेपूट उचलली का ती त्याले उचलून नेऊन घमेल्यात ठेवे. शिवी नाई, खराटा नाई. दिवसातून धा खेपा.

आठ दिवस. फक्त आठ दिवसात ढोल्या चुलीजोळून उठून, आंगन वलांडून, आपल्या पायानं संडासात जाले लागला! काम करून परत ये. मी पाहातच राह्यलो.

पन माह्यासंग त्याचं जमलं नाई. मी घरात आवाज चढवला का तो मांगचा पाय जमिनीवर आपटे. धप्प! मी अजून ओरडलो का अजून धप्प! मॅडमले विचारलं तं म्हने, "तो रागावत नाही हो. त्याला धोका वाटला की तो असा बाकीच्यांना सावध करतो."

बुढा म्हने, "ढोल्यानं बरोबर वळखलं. ह्या घरात धोका कोन हाये ते."

*

कवडूभाऊचा एकटा उरलेला ससा वेगळाच. एक दिवस सकाळी कवडूभाऊ बोंबलत आला, "हिरामन, माहा ससा बिघडला! आपलीच खाऊन राह्यला!"

जाऊन पाह्यलं तं खरंच. ससा गोल वाकला, तोंड बुडाखाल्ती घातलं अन् नरम नरम गोळे तिथूनच गिळले. खाली पडूही देल्ले नाई. कवडूभाऊले वाटलं कोनी करनी केली. थैलीत घालून सायकलनं तालुक्याच्या ढोराच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर हासला. म्हने, "काही झालं नाही त्याला. सगळेच ससे खातात. एका वेळेत गवत पचत नाही, म्हणून दुसऱ्यांदा खातात. चांगलं असतं ते."

कवडूभाऊनं ससा परत थैलीत घातला. मंग म्हने, "मंग साहेब, मी त्याले रोज गवत कायले कापून घालून राह्यलो?"

डॉक्टर अजून हासला. त्याले वाटलं हा गंमत करते. कवडूभाऊ गंमत करत नोता. घरी आल्यावर त्यानं गवत अर्धं केलं. त्याच्या हिशोबानं बाकीचं अर्धं सशाजोळ होतंच. पंधरा दिवसात ससा वाळून मेला.

कवडूभाऊले आजही वाटते, डॉक्टरनंच फसवलं.

*

त्याच उन्हाळ्यात वाघ नाल्यावर उतरला. बिबट नाई, वाघ. शेजारच्या गावातली एक बाई मोहफुलं वेचताना नेली. वाकेल होती. वाकेल मानूस वाघाले चार पायाचं जनावर वाटते म्हनते. मंग नाल्यावर बसेल मानूस त्याले काय वाटन, हे सांगाले पाह्यजे का?

दोन दिवसानं फॉरेस्टचा गार्ड गावात आला. मले वाटलं वाघाचं सांगाले आला. तो तं सरका माह्याच घरी आला. "कंप्लेंट हाये. ससा पाळला तुमी. जंगलातला ससा पाळनं गुन्हा हाये."

मी म्हनलं, "गार्डसाहेब, जंगलात पांढरा ससा पाह्यला का तुमी कधी?"

"दाखवा तं."

संडासाचं दार उघडलं. गार्ड आत वाकून पाहे. ढोल्या घमेल्यात बसून गवत खाऊन राह्यला होता. चिंगीनं गार्डच्या बुटाची दोरी कुरतडाले घेतली. गार्ड म्हने, "हे तं इलायती हाये. जाऊ द्या. पन... हे संडास हाये ना?"

"हाव."

"इथी सशे. मंग तुमी कुठी जाता?"

"तुमच्या जंगलात!"

आजूबाजूचे हासले. गार्ड हासला नाई. जाताना मले बाजूले घेऊन म्हने, "हिरामनभाऊ, सशे काढा तिथून. नाल्यावर पाय ठेवू देऊ नका कोनाले. तो वाघ इथीच हाये."

*

सिंधू त्या दिवशीपासून बायाईच्या झुंडीसंग जाले लागली, काठ्या घेऊन, गावच्या वरतच्या अंगानं. मी कुऱ्हाड नेतो अन् पाच मिनिटात येतो. बुढा? बुढा एकटा. करंजीच्या बुडाशी. अर्धा घंटा.

मी म्हनलं, "बाबा, आजपासून संडासात जाचं."

"चार भिंतीत कोंडून मले होत नाई. जिथी खाचं तिथीच हागाचं का?"

"वाघ हाये तिथी!"

"मंग सशे काढ पह्यले. सशाच्या घरात मी नाई बसत."

"तू पह्यले जातो म्हन, मंग काढतो. मी काढाचे अन् तू नाल्यावर जाचं, मंग सशे बिबट्याले देऊ का?"

"तू पह्यले काढ."

"तू पह्यले म्हन!"

संडासातून आवाज, धप्प!

असे आमी दोघं. एकच रगत. तो म्हने पह्यले काढ, मी म्हनो पह्यले म्हन. असं आमचं महिनाभर चाललं. शीटवरची फळी उचलाले दोन मिनिट लागते. महिनाभर ती फळी तिथीच होती.

*

फॉरेस्टवाल्याईनं वाघ पाहाले नाल्यावरच्या एका झाडाले कॅमेरा बांधला. आपोआप फोटो काढते तो. आठ दिवसानं गार्ड माह्या घरी आला, मोबाईल काढला.

"हा तुमचा बुढा ना?"

फोटोत बुढा. करंजीच्या बुडाशी. बसेल. बाजूले टमरेल. तोंडात बिडी. मले लाज वाटली, हासूही आलं.

"आता दुसरा पाहा."

दुसऱ्या फोटोत तीच करंजी. तीच जागा. तिथी वाघ उभा. शेपूट वर, करंजीच्या बुडाले पिचकारी मारून राह्यला होता. गार्ड म्हने, "टाइम पाहा. मधात चाळीस मिनिट."

मी मोबाईल तसाच बुढ्याच्या तोंडासमोर धरला. बुढ्यानं दोन्ही फोटो पाह्यले. डोये बारीक करून लय वेळ पाह्यले. मंग म्हने, "म्हनजे त्यालेही एकच कोपरा लागते!"

गार्डनं डोकं धरलं. मी मोबाईल फेकाले हात उचलला होता. गार्डनं हिसकून घेतला म्हनून वाचला.

*

सिंधू बुढ्याले मामाजी म्हने. ती म्हने, "तुमी ओरडता म्हनून मामाजी आइकत नाई. ढोल्यावर ओरडले तवा तो शिकला का? मी शिकवतो."

तिनं काय केलं, सशाची तऱ्हा बुढ्यावर चालवली! ढोल्याले जशी वरत गवताची जुडी टांगली, तसा संडासाच्या भिंतीले खिळा ठोकून बिडीचा बंडल अन् माचिस टांगली. घरातल्या बिड्या सगळ्या लपवल्या. बुढ्याची पान्याची बालटीही तिथीच ठेवली. एक शब्द बोलली नाई. बिडी पाह्यजे तं संडासात जा.

पह्यल्या दिवशी बुढा सकाळी घरभर फिरला. मंग संडासाजोळ गेला. दार उघडलं. आमी दोघं चुलीमांगून पाहून राह्यलो. तो आत गेला! सिंधूनं माहा हात दाबला.

बुढा उंबऱ्यावर टेकला. बिडी पेटवली. चिंगी त्याच्या मांडीवर चढली. त्यानं तिच्या कानामांगं खाजवलं, ढोल्याले गवताची एक काडी देल्ली. बिडी सरली. उठला, दार नीट लावलं, कडी घातली.

अन् टमरेल घेऊन नाल्यावर गेला.

रोज असंच. रोज बिडी संडासात, मंग नाला. सिंधू म्हने, "थांबा, उंबऱ्यापर्यंत तं आले. अजून आठ दिवस." तिले लय भरोसा होता.

*

आठ दिवस थांबाले माह्याजोळ सभाव नाई. सहाव्या दिवशी वाघानं वरतच्या वस्तीतला बैल मारला. मी घरी आलो ते तडकलोच. सरका संडासात गेलो, ढोल्याले एका हातात, चिंगीले दुसऱ्या हातात घेतलं. म्हनलं, जा चुलीत, आज फळी उचलतोच.

बुढा आडवा आला. "कुठी नेतं त्याईले?"

"आंगनात. पिंजऱ्यात."

"बिबट येईल. कवडूचा नेला ना?"

"नेऊ दे! तूच म्हने ना सशे काढ?"

"तवा म्हनत होतो." त्यानं चिंगीले माह्या हातातून घेतलं, पोटाशी धरलं. "ह्याईले कुठी जागा हाये? राहू दे."

"अन् तू? तू कुठी जाशीन? बाहेर वाघ हाये!"

"माहं मी पाहून घेतो. मी का ससा हावो?"

मी ढोल्याले खाली टाकलं. म्हनलं, "मंग मर."

हे मी म्हनलं. सगळ्या पानठेल्याले मालूम हाये, मी लपवत नाई. वाटल्यास सिंधूले विचारा, तीही तिथीच होती. चुलीजोळ.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवत घेऊन सशाईले टाकाले गेलो. बिडीचा बंडल खिळ्याले तसाच, त्यातली एकही कमी नाई. त्या दिवशी बुढा उंबऱ्यावर थांबलाच नोता. माह्यावर रुसला होता.

ढोल्या दाराच्या फटीजोळ उभा. कान ताठ, नाल्याकडं. धप्प. धप्प. धप्प. गवताकडं पाहे नाई. मी तोंड उघडलं नोतं, आवाज चढवला नोता, तरी धप्प.

मी त्याले शिवी देल्ली. म्हनलं, तूबी सुरू झाला का सकाळी सकाळी?

दाराले कडी घातली, गोठ्यात गेलो, शेन काढलं. मंग सिंधूनं विचारलं, "मामाजी आले का?"

मी अन् कवडूभाऊ धावलो. करंजीच्या बुडाशी टमरेल उभं होतं. सरकं. पानी काठोकाठ, थेंबही सांडला नोता. कवडूभाऊ खाली बसला अन् रडाले लागला. मी नाई रडलो. मी ते टमरेल उचललं, अन् पानी सांडू नाई म्हनून दोन्ही हातानं धरून उभाच राह्यलो. कवडूभाऊ म्हने, "हिरामन, ठेव ते." मी ठेवलं नाई.

बाकीचं पुढं झुडपात भेटलं. ते सांगत नाई.

*

दुपारी पंचनामा. मोठे साहेब आले, गार्ड आला, गाव जमलं. नाल्यावरचं सगळं लिहून झालं, मंग साहेब घरी आले. हातात छापील कागद. नाव, वय, किती वाजता गेले, कोनी पाह्यलं. लिहिता लिहिता थांबले.

"पहाटे नाल्यावर का गेले होते?"

गार्डनं मान खाली घातली.

"शौचासाठी? घरी शौचालय नाही का?"

मी बोट दाखवलं. साहेब आंगन वलांडून गेले, आमी मांगं. दारावरची लाल अक्षरं वाचली. "लाभार्थी, दसरूजी. म्हणजे मयत हेच?"

"हाव."

त्याईनं कागदावर टिक मारली. पुढची ओळ वाचली. "वापरात आहे का?"

मी कडी काढली.

बिडीचा बंडल खिळ्याले टांगेलच होता. चिंगी फळीवर झोपली होती. ढोल्या इतक्या लोकाईले पाहून आधी मांगं सरकला. मंग हळूच कोपऱ्यात गेला, घमेल्यात चढला, आमच्याकडं पाठ करून नीट बसला. वरतून गवताची एक काडी ओढली अन् खाता खाता लेंड्या टाकाले लागला. टप, टप, टप. एकही बाहेर पडली नाई.

साहेबाचा पेन तसाच वर. त्याईनं गार्डकडं पाह्यलं, गार्डनं माह्याकडं. सिंधूनं तोंडाले पदर लावला.

ढोल्याचं झालं. तो उतरला, आंग झटकलं, अन् दारात येऊन उंबऱ्याजोळ बसला. जिथी बुढा बसे तिथी.

साहेबानं पुन्हा विचारलं, हळूच. "काय लिहू? वापरात आहे?"

मी म्हनलं, "हाव साहेब. लिहा. रोज."